संपूर्ण निरंक

लिफ्टचा ब्रेक ज्या पिनेच्या भरवशावर असतो, ती पिन करंगळीएवढी असते. एका कारखान्यात अशा पिना तयार होत, आणि त्या तपासण्याचं काम सत्तावीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. खिशात कायम मापाचं गेज असल्यामुळे सगळे त्यांना गेजमामा म्हणत. पगारपत्रकावर त्यांचं वेगळं नाव असावं, पण ते पगार वाटणाऱ्यालाही आठवून सांगावं लागे. दर शंभरातल्या दहा पिना मामा उचलत, माप घेत आणि मग एकेक पिन ऐरणीवर टाकून कान देत. कडक पिन टणकन वाजते, मऊ पिन नुसती बद्दकन पडते. संध्याकाळी नोंदवहीत ‘सदोष नग’ या रकान्यात आकडा लिहायचा, आणि एकही दोष सापडला नाही तर ‘निरंक’. हा शब्द त्यांनी सत्तावीस वर्षांत फार तर चाळीस वेळा लिहिला असेल. ज्या दिवशी लिहीत, त्या दिवशी घरी जाताना जरा ताठ चालत.

पुढे कारखान्याचं आधुनिकीकरण करण्याचा निर्णय वरच्या पातळीवर झाला, त्यामुळे त्याचं कारण खाली कोणालाच कळलं नाही. यंत्रांना सेन्सर बसले, फाटकापाशी भिंतीएवढा स्क्रीन लागला आणि मुख्यालयातून एक परिवर्तन अधिकारी आले. त्यांचं शिक्षण इतक्या उच्च दर्जाचं झालं होतं, की मातृभाषेतला कागद त्यांना दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागे. जुनी नोंदवही चाळताना त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं.

“हे निरंक म्हणजे काय?” त्यांनी कारकुनाला विचारलं.

“काही नाही, साहेब.”

“काही नाही कसं? चाळीस ठिकाणी लिहिलंय.”

“अहो साहेब, खरंच काही नाही.”

“हे बघा, माझ्यापासून काही लपवायचं नाही. मी परिवर्तन करायला आलोय.”

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना साहेबांशी शब्दावरून वाद घालणं कारकुनाला परवडण्यासारखं नव्हतं. “म्हणजे निष्कलंक म्हणा ना, साहेब,” तो म्हणाला, आणि हात जोडून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली : ‘आमचे ध्येय – संपूर्ण निरंक’. स्क्रीनवर अकरा रकाने आले. रकान्यात आकडा असेल तर तो लाल, निरंक असेल तर हिरवा. सगळे रकाने हिरवे झाले, की मुख्यालयात टाळ्यांचा आवाज आपोआप वाजणार होता.

कामगार आज्ञाधारक होते. ‘अपघात’ हा रकाना पहिल्याच आठवड्यात हिरवा झाला, कारण मलमपट्टीच्या पेटीला कुलूप लागलं आणि मलमपट्टी नाही म्हणजे अपघातही नाही, असं ठरलं. ‘तक्रारी’ हिरव्या करायला वेल्डरला पाच मिनिटं लागली. त्याने तक्रारपेटीची फट बुजवून टाकली. ‘प्रतीक्षाकाळ’ या रकान्याने मात्र थोडा त्रास दिला. पिना कडक होण्यासाठी भट्टीत चाळीस मिनिटं राहाव्या लागत, आणि सेन्सरच्या मते पिना तिथे काहीएक काम न करता नुसत्या पडून असत. परिवर्तन अधिकाऱ्यांनी भट्टीला दुसरं दार पाडून घेतलं. आता पिना एका दाराने आत जात आणि दुसऱ्या दाराने बाहेर येत. भट्टीवाला म्हणाला, “यांना नुसतं ऊन दाखवून आणलं.” त्याला संघभावनेच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं.

त्या दुपारी मामांनी ऐरणीवर पिन टाकली. बद्द. दुसरी टाकली. बद्द. दहाच्या दहा बद्द. मामांनी आधी स्वतःचे कान साफ केले, मग रकान्यात लिहिलं : दहा. फाटकावरचा स्क्रीन त्या एका रकान्यापुरता लालभडक झाला, आणि पाच मिनिटांत साहेबांचं बोलावणं आलं.

“मामा, दहा रकाने हिरवे आहेत. एकटे तुम्हीच लाल. घरी काही टेन्शन आहे का?”

“साहेब, पिना मऊ आहेत. भार आला की वाकतील. लिफ्ट खाली येईल.”

“लिफ्ट खालीच यायची असते, मामा.”

“थांबवल्यावर थांबायचीही असते, साहेब.”

साहेबांनी संगणकाकडे पाहिलं. “मी सत्तावीस वर्षांची आकडेवारी काढलीय. तुम्ही शंभरातल्या दहा पिना तपासता. आजवर जेवढे दोष निघाले, ते सगळे त्या दहांतच निघाले. उरलेल्या नव्वदांत एकदाही दोष आढळलेला नाही. ह्याचा अर्थ कळतो का तुम्हाला?”

“त्या नव्वद कोणी तपासल्याच नाहीत, साहेब.”

“तेच म्हणतोय मी! दोष तपासणीतून निर्माण होतोय.”

सत्तावीस वर्षांत मामांना अनेकांनी मूर्ख ठरवलं होतं, पण आकडेवारीसकट कोणीच नाही. सोमवारपासून तपासणी बंद झाली. ऐरण मुख्य इमारतीच्या दालनात ‘आमचा वारसा’ म्हणून काचेत ठेवली गेली, तपासणी खोलीत पाहुण्यांसाठी सोफा आला, आणि सोफ्यावरची धूळ झटकण्याची जबाबदारी पदोन्नती म्हणून मामांना मिळाली.

त्याच महिन्यात उद्योगस्नेही वातावरण मोजणारी सरकारी समिती आली. समितीने तासभर वातावरणात बसून पाहिलं आणि ते थंड व आल्हाददायक असल्याचं नोंदवलं. समितीतल्या एका सभासदाने चहा पिता पिता विचारलं, “मालाची तपासणी कोण करतं?”

“आम्ही स्वतःच स्वतःला प्रमाणित करतो,” परिवर्तन अधिकारी म्हणाले.

“वा! म्हणजे आमचीही गरज नाही,” सभासद खूश होऊन म्हणाले, आणि कारखान्याला वरची श्रेणी देऊन पुढच्या कारखान्याचं वातावरण बघायला गेले.

मऊ पिनांची ती खेप रवाना झाली. पाठवणीच्या चिठ्ठीवरचा पत्ता मामांनी वाचला आणि हातातलं फडकं सोफ्यावर टाकून ते तसेच निघाले. ती इमारत त्यांच्या मुलीची होती. ती अकराव्या मजल्यावर राहत होती आणि तिला सातवा महिना होता.

ते पोहोचेपर्यंत पिना लिफ्टमध्ये बसवूनही झाल्या होत्या. मामांनी हातापाया पडून रहिवाशांची सभा बोलवायला लावली. सगळे तळमजल्यावर जमले, मुलगी खुर्चीवर बसली. मामांच्या खिशात गेजबरोबर जुन्या खेपेतली एक कडक पिन आणि या खेपेतली एक मऊ पिन होती. त्यांनी दोन्ही एकामागून एक फरशीवर टाकल्या. टण. बद्द.

“ऐकलंत?” मामांनी विचारलं.

“दोन्ही पडल्या,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. “आणि आमच्याकडे प्रमाणपत्र आहे. दोष : निरंक. खाली सही तुमचीच आहे की हो!”

मामांनी कागद हातात घेतला. सही त्यांचीच होती, वळणदार, शेपटीसकट. जुन्या नोंदवहीतल्या एखाद्या चांगल्या दिवसाखालून संगणकाने ती उचलली होती. “ही मी केलेली नाही,” ते म्हणाले. पण आवाज इतका बारीक निघाला, की त्यांचा त्यांनाच तो खोटा वाटला.

“नव्या पिना यायला किती दिवस?” आठव्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी विचारलं.

“दीड महिना.”

“तोवर जिन्याने?”

“हो.”

पाचव्या मजल्याने आपल्या मणक्याचा विषय काढला. नवव्या मजल्यावर पाण्याचे मोठे जार चढवावे लागतात, असं नवव्याने सांगितलं. “लिफ्ट पडली का अजून? नाही ना?” असं कोणीतरी मागून म्हणालं, आणि ते सर्वांना पटलं. तळमजल्याने आपला लिफ्टशी संबंध नसल्याचं जाहीर करून तटस्थ राहायचं ठरवलं. मग सेक्रेटरींनी रीतसर विचारलं, “लिफ्ट बंद ठेवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.”

मुलीचा हात वर गेला. मामांच्या जिवात जीव आला. मग तिने त्याच हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि हात पोटावर ठेवला. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं : बाजूने मते – निरंक.

मामांनी तिला धरून जिन्याने वर नेलं. अकरा मजल्यांना पाऊण तास लागला आणि ती चार वेळा खाली बसली. घरात आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, “बाबा, रोज कशी चढू सांगा ना. तुम्ही म्हणताय ते खोटं नाही, कळतंय मला. पण कशी चढू?”

तिचं चुकत नव्हतं, आणि त्यामुळेच मामांना रडू आलं. तिने दिलेलं पाणी ते प्यायले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले.

बाहेर एका बाजूला जिना होता, दुसऱ्या बाजूला लिफ्ट. मामांचं वय सत्तावन्न, गुडघेही तेवढेच, आणि आत्ताच अकरा मजले चढून झालेले. त्यांनी जिन्याची एक पायरी उतरून पाहिली. मग त्यांनी बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, मामा आत गेले.

आता तुम्ही म्हणाल, सगळं माहीत असून माणूस आत गेलाच कसा? रास्त प्रश्न आहे. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?