बाळकुममधलं ऑकलंड

राजरत्न ओव्हाळ बायको-मुलीला घेऊन न्यूझीलंडला निघाला तेव्हा निरोप द्यायला इमारतीखाली वीस-पंचवीस माणसं जमली होती, आणि ती पाहून त्याला दरदरून घाम फुटला. कारण तो न्यूझीलंडला चाललाच नव्हता. तो बाळकुमला चालला होता.

आता कल्याणहून तासाभरावरच्या, ठाण्यातल्या बाळकुमला जाणाऱ्या माणसाला कोणी हार घालत नाही, हे राजरत्नलाही कळत होतं. पण गळ्यात शेवंतीचा हार पडलेला असताना खरं बोलायला जी छाती लागते, ती त्याच्याकडे पहिल्यापासूनच नव्हती. तो हात जोडून उभा राहिला.

झालं होतं असं. राजरत्न पंचेचाळीस वर्षांचा. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मोठ्या इमारतींच्या एसीच्या कामाचे नकाशे काढायचा. काम चोख, स्वभाव भिडस्त. त्यामुळे नकाशे तो काढायचा आणि त्यावर सही करायला त्याच्याहून तरुण साहेब यायचे. अशात ऑकलंडच्या एका कंपनीने त्याला कुटुंबासकट बोलावलं. हुद्दा मोठा, मुलगी माया पुढे तिथेच शिकेल. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बायकोचं, म्हणजे दीप्तीचं, उत्तर तयार होतं. तेरा वर्षांच्या मायाचं त्याच्याही आधी तयार होतं. अडलं होतं ते राजरत्नपाशी, आणि त्याला विचाराल तर आईपाशी.

आई म्हणजे रमाबाई. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि अजूनही रस्त्यात कोणी वाकडा चालताना दिसला तर त्याला सरळ चालायला लावणाऱ्या. "मी येणार नाही," एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "इथे माझं विहार आहे, माझ्या बायका आहेत. तिकडे काय खिडकीतून गवत बघत बसू?" पण तुम्हीही जाऊ नका, असं काही त्या म्हणेनात. म्हणाल्या असत्या तर राजरत्न सुटला असता.

"आई एकटी राहू शकेल का गं?" हे त्याने दीप्तीला इतक्यांदा विचारलं की ती वैतागली.

"अरे राज, त्यांनाच विचार ना. मी काय सांगू?"

त्याने विचारलं. रमाबाई निवडत असलेल्या मेथीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "राहून बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

त्यातून ती कल्पना निघाली. ऑफिसातल्या प्रितमचा बाळकुमला एक फ्लॅट होता, भाडेकरू नुकताच गेलेला. मायाला दिवाळीची सुट्टी लागलेली. तिघांनी पंधरा दिवस तिकडे राहायचं, जणू ऑकलंडलाच आहोत. भेटायला यायचं नाही, बोलायचं ते फोनवर. आईला जमलं तर होकार कळवायचा, नाही जमलं तर विषय संपला.

"म्हणजे प्रिलिम," रमाबाई म्हणाल्या. "घेऊ. पण प्रिलिम बोर्डासारखीच द्यायची असते, राजू. पेपर अर्धा टाकून उठायचं नाही."

राजरत्नला हे मनापासून पटलं. परीक्षा आईची आहे आणि आपण परीक्षक आहोत, असं तो धरून चालला होता.

तर तो निरोप. विहारातल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. शेजारच्या ठमाबाईंनी त्याच्या हातात सुकटीची पिशवी कोंबली आणि पदराने डोळे पुसले. "तिकडं म्हावरा मिलंल का नाय, कोन जाने. खा पोरा."

राजरत्नने आईला बाजूला घेतलं. "आई, तू यांना काय सांगितलंस?"

"राजू चालला, म्हटलं."

"कुठे चालला ते?"

"ते त्यांनी विचारलं नाही," रमाबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "घराची किल्ली दे. ऑकलंडमध्ये तिचा काय उपयोग?"

किल्ली दिली. चार मोठाल्या बॅगा गाडीत चढल्या, तेव्हा ड्रायव्हरने आदबीने विचारलं, "एअरपोर्ट ना, सर?" राजरत्नने काच पूर्ण वर केली, मान खाली घातली आणि मग हळूच म्हणाला, "बाळकुम."

पहिल्याच संध्याकाळी त्याने आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. रात्रभर तळमळून सकाळी डोळा लागतोय तोच रमाबाईंचा फोन आला.

"काल दोनदा फोन केलेलास? तिकडे रात्रीचा दीड वाजलेला. एवढ्या रात्री जागत जाऊ नकोस, प्रकृतीला बरं नाही."

"आई, मी बाळकुमला आहे."

"असं म्हणायचं नाही. आता तुमच्याकडे दुपार असेल म्हणून मी केला. जेवलात का?"

सकाळचे साडेसात वाजले होते. राजरत्न म्हणाला, "जेवलो."

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की वाचायचा चष्मा कल्याणलाच राहिलाय. त्याशिवाय त्याला नकाशावरचे आकडे दिसत नव्हते. संध्याकाळी प्रितमच्या स्कूटरवरून पटकन जाऊन घेऊन येतो, असं म्हणाला तर रमाबाईंनी ते ऐकलंच नाही. "कुणी तिकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवते," त्या म्हणाल्या. "चौकशी करते विहारात." चौकशी त्यांनी खरोखरच केली. पण विहारातल्या कोणालाही येत्या आठवड्यात न्यूझीलंडला जायचं नव्हतं, आणि बाळकुमला कोणी जाणारं आहे का, हे रमाबाईंना विचारता येत नव्हतं. राजरत्न डोळे बारीक करून काम करू लागला.

बाकी दोघी मजेत होत्या. दीप्तीने कामवाली न ठेवता घर चालवून पाहिलं, भांड्यांचा दिवस वाटून दिला, आणि राजरत्नच्या वाट्याला आलेल्या भांड्यांना खरकटं तसंच राहतं, हेही शोधून काढलं. माया स्वतःची चादर स्वतः घडी घालायला लागली. राजरत्न मात्र दिवसातून चारदा घड्याळात साडेसात तास मिळवून बघायचा, आता फोन केला तर चालेल का. डाळीला फोडणी आधी की मीठ आधी, गिझरचा आवाज येतो तो बरोबर का, असले प्रश्न तो जपून ठेवायचा आणि आईची वेळ झाली की विचारायचा. रमाबाईंनी त्याला उलट असला एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी रमाबाईंचा फोन आला नाही. त्याने केला तर बंद. तासाभराने केला, बंद. ऑफिसला निघायची वेळ टळून गेली. शेवटी न राहवून त्याने ठमाबाईंना फोन लावला.

"मावशी, मी राजू. तिकडून बोलतोय. आई कुठे आहे?"

"राजू व्हय रं? आवाज कसा सपष्ट येतो तुजा." ठमाबाईंच्या हातातली भांडी वाजत होती. "बाई दवाखान्यात गेल्यान सकालीच. रिक्षात बसवली मीच."

पुढचं राजरत्नने ऐकलं नाही. हेल्मेट डोक्यावर घालतच तो दाराबाहेर पडला. दीप्ती मागून म्हणाली, "अरे, कुठल्या दवाखान्यात, का गेल्या, ते तरी विचार. आणि खरंच ऑकलंडला असतास तर काय केलं असतंस?" त्याने लिफ्टचं बटण दाबलं. तो प्रश्न त्याला कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर नीट ऐकू आला. विमानाने यायचं असतं तर हा रस्ता याहूनही लांब वाटला असता. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत, भिवंडी पार करत, दुर्गाडीचा पूल येईपर्यंत त्याने आईला मनातल्या मनात वचन देऊन टाकलं होतं की कुठ्ठे जात नाही.

इमारतीच्या फाटकाशी तो हेल्मेट न काढताच आत शिरत होता. पण ठमाबाई फाटकातच वाळवणाच्या टोपलीजवळ बसल्या होत्या, आणि त्यांनी त्याला चालण्यावरून ओळखला.

"राजू?"

त्याने हेल्मेट काढलं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आरं, आत्ता तं तू फोनवर व्हतास," ठमाबाई म्हणाल्या. "माजी भांडी घासून झाली, यवढ्यात तू न्यूझीलंडवरनं आयलास?"

"मावशी, ते… जवळच आहे."

तळमजल्यावर बंटीचं मोबाइलचं दुकान होतं. तो काउंटर सोडून बाहेर आला आणि राजरत्नच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "दादा, टेन्शन नका घेऊ. व्हिसाचा लोचा झाला ना? माझ्या मेव्हण्याचापण झालेला. रिटर्न पाठवला त्याला. आपल्याला सांगायचं, लपवायचं कशाला?"

"परत धारला याला?" ठमाबाईंनी कपाळावर हात मारला. "आनि पोरीला, बायकोला तिकडंच ठेवली?"

"त्या येतील," राजरत्न म्हणाला. बंटीने पाण्याची बाटली दिली. कोणीतरी खुर्ची आणली. वरच्या मजल्यावरून दोघीजणी उतरून आल्या आणि त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्याला स्वतःचीच दया यायला लागली. घराला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याकडे नव्हती. तो खुर्चीत बसून राहिला. बंटीने तोवर त्याला दुकानात पार्टनरशिपही देऊ केली.

रिक्षा आली तेव्हा रमाबाई एकट्याच उतरल्या. हातात रिपोर्टची पिशवी, पाठ ताठ. घोळक्याकडे त्यांनी पाहिलं, मग खुर्चीतल्या मुलाकडे.

"आलास?" त्या म्हणाल्या. "परदेशातून येणारी माणसं कळवून येतात, राजू."

वर गेल्यावर दार लागायच्या आत तो म्हणाला, "आई, काय झालंय तुला?"

"काही नाही झालं. सहा महिन्यांनी असते ती तपासणी. तू दर वेळी रजा टाकून नेतोस ना, ती. पुढच्या वेळी कोण नेणार? म्हणून एकटीने जाऊन बघितलं. साखर थोडी वाढलीय, बाकी ठीक. फोन मीच बंद ठेवला होता. नाहीतर तू रक्त काढतानासुद्धा विचारलं असतंस, दुखतंय का म्हणून."

त्या आत गेल्या. राजरत्न सोफ्यावर टेकला. घरात काही बदललं नव्हतं, फक्त आईची खाट त्याच्या खोलीत, खिडकीपाशी गेली होती. रमाबाई चहा घेऊन आल्या आणि त्याच्या समोर ठेवला. सोनेरी काठाच्या कपात, बशीसकट. हे कप काचेच्या कपाटात असायचे आणि पाहुणे आले की निघायचे. या घरात जन्मापासून राहून राजरत्नच्या वाट्याला तो कप आजवर आला नव्हता.

"किती दिवस आहेस?" रमाबाईंनी विचारलं.

त्याला एकदम रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, तो आईसमोर बसून रडला. मग नाक पुसत म्हणाला, "मला वाटलं होतं, तुला जमणार नाही."

"पहिल्या रात्री नाहीच जमलं," रमाबाई म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, कपाच्या बशीकडे बघत होत्या. "घरभर दिवे चालू ठेवले, टीव्ही चालू ठेवला, तरी झोप नाही. दुसऱ्या रात्री तेच. तुला फोन करायला घेतला होता मी. चौथ्या रात्री लागली झोप. आता तू इथे दोन दिवस राहिलास, तर मला परत पहिल्या रात्रीपासून सुरुवात करावी लागेल. एवढं माझ्याच्याने होणार नाही."

चहा निवत चालला होता आणि त्या कपातून तो पिववत नव्हता.

"माझा पेला कुठाय?" त्याने विचारलं. तो स्टीलचा पेला त्याच्या वडिलांनी त्याच्या पहिलीच्या वर्षी नाव घालून आणला होता. चहा तो त्यातूनच प्यायचा.

"पार्सलात."

"कसल्या पार्सलात?"

रमाबाईंनी दाराकडे बोट केलं. चपलांच्या कपाटावर पांढऱ्या कापडात शिवलेलं एक गाठोडं होतं, टाके बारीक आणि सरळ. "चष्मा आहे, तीळकुटाची चटणी आहे, तुझा पेला आहे. आठवडा झाला बांधून. जाणारं कोणी भेटतच नव्हतं." त्या उठल्या, गाठोडं उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "आता तूच चाललायस, तर घेऊन जा."

खाली घोळका पांगला होता. ठमाबाई मात्र टोपलीजवळच होत्या. राजरत्नने स्कूटरवर पायाशी गाठोडं ठेवलं तशा त्या उठून आल्या.

"परत चाललास?"

"हो, मावशी."

"आनि आता कवा येशील?"

त्याने हेल्मेट हातात फिरवलं.

"नाय, मगाशी तू बोललास म्हनून इचारते," ठमाबाई म्हणाल्या. "जवलच हाय ना ते?"

राजरत्नने वर पाहिलं. गॅलरीत रमाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

"जवळच आहे, ठमाबाई," त्या वरून म्हणाल्या. "जाऊ दे त्याला."