सामिसोनीचा मुक्काम

सकाळी साडेनऊ वाजता, रणरणत्या उन्हात, गजाधर आपल्याच शेतातल्या आपल्याच उसात उकिडवा बसून लपला होता. लपायचं कारण बांधावरून चालत येत होतं. कारण सहा फूट उंच होतं, त्याच्या खांद्यावर टॉवेल होता आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली यंगोनाच्या मुळ्यांची जुडी होती. कारणाचं नाव सामिसोनी. गजाधरचा भाडेकरू.

"मेव्हणे!" सामिसोनीने हाक दिली. नातं काही नव्हतं; आमच्याकडे सलगीने असंच म्हणतात. "अहो मेव्हणे, टोपी दिसतेय तुमची!"

गजाधरने टोपी काढली.

"आता टक्कल दिसतंय."

"मला बरं नाहीये!" गजाधर उसातून ओरडला. "पोट बिघडलंय. जवळ येऊ नकोस!"

"बरं. मी बसतो इथे बांधावर. तुमचं उरकू दे."

गजाधर मागच्या बाजूने सरपटत निघाला. ऊस अंगाला कापतो हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. त्या दिवशी ते अंगाच्या नव्या नव्या जागांना कळलं.

चौसष्ट वर्षांचा बागायतदार मुळ्यांच्या जुडीला का भितो? कारण आमच्या बेटांवर मागणं घेऊन येणारा यंगोना, म्हणजे कुटून प्यायच्या या मुळ्या, घेऊन येतो. तुम्ही जुडीला हात लावला, टाळी वाजवली, की मागणं मान्य झालं. मग तुमच्याकडे कोर्टाचा शिक्का असो नाहीतर देवाची सही. आणि सामिसोनीचं मागणं तीन वर्षं एकच होतं: "अजून एक महिना."

तीन वर्षांपूर्वी वादळात त्याचं छप्पर उडालं. गजाधरचं धाकटं घर, जे त्याने मुलासाठी बांधलं आणि मुलगा ब्रिस्बेनला गेल्यावर कुलूप लावून ठेवलं होतं, ते त्याने तीन आठवड्यांसाठी दिलं. सामिसोनीचे छपराचे नवे पत्रे दोनदा आले. पहिल्यांदा ते बहिणीने मागितले, दुसऱ्यांदा देवळाने. सामिसोनीला नाही म्हणता येत नसे. गजाधरलाही येत नसे, पण तो त्याला स्वतःचं मोठं मन समजे आणि सामिसोनीच्या बाबतीत आळस. चार वेळा त्याने "निघ" म्हटलं, चार वेळा सामिसोनी जुडी घेऊन आला. ताज्या मुळ्यांचा वास आला की गजाधरचा हात आधी पुढे जायचा आणि डोकं मागाहून पोचायचं. मुळ्या कुटायच्या, पाण्यात कालवायच्या, करवंटीने प्यायच्या. तिसऱ्या करवंटीला जीभ बधिर व्हायची आणि बधिर जिभेने "निघ" म्हणता येत नाही.

भाडं म्हणून सामिसोनी मासे आणि कसावा आणून देई. ते गजाधर आनंदाने खाई आणि खाऊन झाल्यावर शिव्या देई.

एक गोष्ट तोंडावर सांगायला हवी. आमच्या भागात ऊस पिकवणाऱ्यांतले बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर राबतात. भाडेपट्टा संपला, चला, उचला भांडी. गजाधरच्या आज्याने हे ऐकलं, बापाने दोनदा ऐकलं, आणि मग कुठे बापाने सहा एकर विकत घेतली. तीन पिढ्या "निघा" ऐकलेल्या माणसाला मालक झाल्यावर ते म्हणायची घाई असणार नाही, असं तुम्हाला वाटेल. उलट असतं. शब्द पाठ झालेला असतो ना.

पण या वेळी त्याच्याकडे खरं कारण होतं. अविनेशचा, मुलाचा, फोन आला होता.

"पापा, आम्ही दहा डिसेंबरला येतोय. तिघंही."

नात सहा वर्षांची झाली होती आणि त्याने ती फक्त फोनच्या काचेत पाहिली होती.

"या, या! घर तुमचंच आहे."

"तोच प्रश्न आहे. तुमच्या दोन खोल्यांत नाही जमणार. बायको म्हणते, वेगळं घर असेल तरच. धाकटं घर रिकामं नसेल तर आम्ही विमानतळाच्या बेटावरच, नांदीला हॉटेलात उतरू. तुम्ही या की तिकडे भेटायला. एक दिवस."

एक दिवस! समुद्र ओलांडून, आपल्याच नातीला भेटायला, हॉटेलाच्या खुर्चीवर बसायला! गजाधरने फोन ठेवला आणि ठरवलं: काहीही होवो, जुडीला हात लावायचा नाही. तेव्हापासून तो लपत होता. न्हाव्याकडे लपला, साखर कारखान्याच्या लॉऱ्यांच्या रांगेत लपला, आणि मंगळवारी रामायण मंडळीत जाऊन बसला. तिथे तरी हा मेव्हणा येणार नाही.

मेव्हणा आला. चप्पल काढून, पाय धुऊन, शेवटच्या रांगेत मांडी घालून बसला. आरती झाल्यावर त्याने जुडी पुढे सरकवली. गजाधरने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पण मंडळीचे प्रमुख बिसेसर यांचे हात मोकळे होते.

"अरे वा, सामिसोनी! मंडळीसाठी आणलीस?" म्हणत त्यांनी जुडी उचलली आणि टाळी वाजवली.

"गजाधर मेव्हण्यांसाठी. एक महिना अजून हवाय."

"एकच ना? दिला!" बिसेसर म्हणाले.

"ओ काका!" गजाधर उठलाच. "घर माझं आहे!"

"मंडळी तुझीच आहे ना? मग मंडळीने घेतलं काय नि तू घेतलंस काय. कुटा रे."

प्यायला बसल्यावर गजाधरने बिसेसरना कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं. नांदी, हॉटेल, खुर्ची. बिसेसरांनी करवंटी रिकामी केली.

"वेडा आहेस तू. तो तुला ज्या औषधाने बांधतो तेच तू त्याला पाज. तू जुडी घेऊन त्याच्या दारात जा, रीतसर बस आणि घर माग. त्याच्या बापाला नाही म्हणता येणार नाही."

"मला सामिसोनीच्या लोकांची ती रीतीची मोठी भाषा येत नाही. बाजारातली येते."

"मग बोलणारा माणूस ने. तो आपिसालोमे आहे ना?"

आपिसालोमे शहात्तर वर्षांचा होता. शाळेत पाहुणा येवो, गावात मंत्री येवो, विनंतीचं भाषण तोच करी. अडचण एकच होती: तो सामिसोनीच्या वारलेल्या बायकोचा चुलता होता. आता त्याला तोंडाने कसं सांगायचं, की तुमच्या जावयाला घराबाहेर काढायचंय, चला, चार गोड शब्द बोला? गजाधरला लाज वाटली. तो एवढंच म्हणाला, "सामिसोनीच्या घरी जुडी घेऊन जायचंय, काका. तुम्ही बोला."

"एवढंच ना?" आपिसालोमे खुश झाला. "नवा शर्ट घालतो."

शनिवारी दोघे गेले. गजाधरने बाजारातली सगळ्यात जाड जुडी आणली होती. सामिसोनीने चटई अंथरली, शेजारचे चार जण साक्षीला बोलावले, आणि सगळे मांडी घालून बसले. आपिसालोमेने जुडी पुढे ठेवली आणि सुरुवात केली. त्याचा आवाज काय चढला, काय उतरला! गजाधरला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण जिथे बाकीचे मान हलवत तिथे तोही हलवी. सामिसोनीचे डोळे भरून आले. झालं, गजाधरला वाटलं, घर सोडायचं दुःख आहे माणसाला. सामिसोनीने जुडी दोन्ही हातांनी घेतली, खोल टाळ्या वाजवल्या. गजाधरने सगळ्यांपेक्षा मोठ्याने वाजवल्या.

"मग?" तो आपिसालोमेच्या कानात म्हणाला. "कधी जातोय?"

"कोण?"

"सामिसोनी!"

"तो कशाला जाईल? तू आलायस. मी सांगितलं, हा गजाधर दुरून तुझ्या घरी आला आहे, याला या उंबऱ्याच्या आत पाहुणा म्हणून घे. दुसऱ्याच्या घरी जुडी घेऊन जायचं म्हणजे तेच तर बोलतात."

"दुरून? मी त्या आंब्याखाली राहतो!"

"भाषणात दुरूनच म्हणायचं असतं."

सामिसोनी पुढे झाला आणि त्याने गजाधरचे दोन्ही हात धरले. "मेव्हणे, इतकी वर्षं मी तुमच्या दारात यायचो. आज तुम्ही माझ्या दारात आलात. आजपासून तुम्ही या घरचे पाहुणे."

"कुणाच्या घरचे?"

"माझ्या."

"अरे घर माझं आहे!"

"श्श," आपिसालोमे म्हणाला. "पाहुण्याने असं बोलू नये."

मग मात्र गजाधरचा बांध फुटला. जुडी, रीत, साक्षीदार सगळं विसरून तो बाजारातल्या भाषेत ओरडला, "माझी नात येतेय! सहा वर्षांची झाली, मी तिला हात लावलेला नाही! हे घर रिकामं नसेल तर ती हॉटेलात उतरणार, आणि मी तिला एक दिवस बघून परत यायचं. एक दिवस, सामिसोनी!"

सामिसोनीने हळूच विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"चार वेळा म्हटलं ना निघ!"

"निघ म्हणालात. कशासाठी ते म्हणाला नाहीत."

मालक माणसाला कारण सांगायची सवय राहत नाही. तो हुकूम देतो, आणि समोरचा ऐकत नाही म्हणून त्याला आळशी ठरवतो.

"माझ्या पाहुण्याची नात," सामिसोनी आता चिडून उठला होता, "हॉटेलात? मला तोंड दाखवायला जागा राहील का गावात? उठा रे सगळे!"

दोन दिवसांत धाकटं घर मोकळं झालं. भाच्यांनी भिंती रंगवल्या, संडासाच्या दाराला कडी बसली, दारात दोन जास्वंदी आल्या. गजाधर आनंदाने घरी परतला, तर त्याच्या पडवीतल्या खोलीत सामिसोनीची गादी पसरलेली.

"हे काय?"

"पाहुणे माझे, मेव्हणे. त्यांना सोडून मी लांब कसा जाऊ? रांधणार कोण? तुम्ही?"

बायको गेल्यापासून गजाधरचा स्वयंपाक म्हणजे करपलेली रोटी. त्याने गादीला वळसा घातला आणि आत गेला.

दहा तारखेला अविनेश आला. सुनेने धाकटं घर पाहिलं, छान म्हणाली, बॅगा ठेवल्या. जेवायला सगळे पडवीत आले, कारण सामिसोनीने नारळाच्या दुधात मासा शिजवला होता. दुसऱ्या दिवशी नात तिथून हललीच नाही. तिला नारळ खवायचा होता. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, तिकडे एकटं एकटं वाटतं हो. चौथ्या दिवशी बॅगाही इकडे आल्या. दोन खोल्या, पाच माणसं. नात आजोबांच्या खाटेवर आडवी झोपे आणि झोपेत लाथा मारी. प्रत्येक लाथ गजाधरला आवडे, पण पाठीला आवडत नसे. आणि पडवीतून सामिसोनीचं घोरणं, चढावर अडकलेल्या लॉरीसारखं. पाचव्या दिवशी, जेवण झाल्यावर, गजाधरने उशी काखेत मारली आणि ज्यासाठी एवढं रामायण झालं त्या रिकाम्या घरात जाऊन पसरला. उसापलीकडून हसण्याचे आवाज येत होते. तो तिथेच झोपी गेला.

सकाळी सामिसोनी चहा घेऊन दारात उभा. रात्री मुसळधार पडून गेला होता.

"झोप लागली, मेव्हणे?"

"लागली. पहाटे तोंडावर पाणी पडलं."

"हां, तिथे गळतं. पलंग डावीकडे सरकवायचा. मालकाला तीन वर्षं सांगतोय मी."

"मग? काय म्हणतो मालक?"

"ऐकत नाही. फार हट्टी माणूस आहे."

गजाधरने वर पाहिलं. पत्र्याच्या सांध्यातून अजून एक थेंब लोंबकळत होता. तो त्याच्या कपाळावर पडला.

"असल्या माणसाला दोन शिव्या घातल्या पाहिजेत," तो म्हणाला. त्याने चहा एका घोटात संपवला आणि शिडी आणायला निघाला.