सर्वेश सीरियस आहे

रविवारी सकाळी चहाचा कप तोंडाला लावायच्या आतच तानाजीच्या फोनवर मुलीचा मेसेज आला. 'बाबा, सर्वेश सीरियस आहे. आता तरी राग सोडा. संध्याकाळी आले की बोलू.' संचिता भल्या सकाळी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर खडवलीला नदीवर गेलेली. तोंडावर बोलायचं धाडस होईना म्हणून लिहून मोकळी झाली असणार. तानाजीने फोन लावून लावून बघितला, पण तो लागेना.

आता आपल्याकडे माणूस सीरियस असतो तो एकाच ठिकाणी, हॉस्पिटलात. कुणी सीरियस आहे असं कळलं की लोक पिशवीत शहाळी घालून निघतात आणि मनातून पुढच्या फोनची तयारी करतात. या शब्दाला आणखी काही अर्थ असेल, अशी शंका तानाजीला यावी तरी कशी? उलट चहा तसाच ठेवून तो उठला. कारण दिवाळीत संचिताच्या लग्नाच्या बोलण्यात याच पोराचं नाव निघालं, तेव्हा ताट सरकवून तो म्हणाला होता, "माझ्यापुरता तो मेला."

"तुमच्या जिभेला काही हाड?" त्याच्या बायकोने, नंदाने डोळ्याला पदर लावला. "लागली बघा वाणी. तरणंताठं पोरगं ते."

"अगं, रागात बोललेलो मी. भाड्याच्या घराची वास्तूपण तथास्तु म्हणते, हे मला काय माहीत?"

नदीवर जाते सांगून पोरगी हॉस्पिटलातच गेली असणार, असं दोघांनी धरलं. हॉस्पिटल कुठलं ते ठाऊक नव्हतं. पण पोराचा ठाण्याचा पत्ता तानाजीकडे होता. नावं ठेवायला बरं म्हणून त्यानेच चौकशी करून मिळवलेला. कोपरहून रिक्षा केली, ती शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकली. तिथेच शहाळी घेतली. रिक्षात बसल्या बसल्या तानाजीने हात जोडले. "उठून बसू दे त्याला. मी स्वतः लग्न लावून देतो दोघांचं."

"देवाला शब्द दिलात," नंदा म्हणाली. "आता फिरवू नका."

दार सर्वेशच्या आईने, मेघनाताईंनी उघडलं.

"संचिताचे आईवडील आम्ही," तानाजी पडेल आवाजात म्हणाला. "सर्वेशला बघायला आलोय."

ही संचिता कोण, ते बाईंना ठाऊक नव्हतं. पण 'मुलाला बघायला आलोय' म्हटल्यावर त्यांनी ओढणी सारखी केली आणि कौतुकाने दोघांना आत घेतलं. "अहो, फोन तरी करायचा. आत पडलाय तो."

"शुद्धीवर आहे?"

"रविवारचा बारापर्यंत नसतो."

"खातो का काही?" नंदाने विचारलं.

"काल रात्री एकट्याने अख्खी बिर्याणी खाल्ली."

"शेवटची इच्छा विचारली असणार," नंदा तानाजीच्या कानात पुटपुटली.

तेवढ्यात हाफपँटमध्ये, डोकं खाजवत सर्वेश बाहेर आला. तानाजीने धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. "अरे, उठलास कशाला? तू सीरियस आहेस ना? संचिताने कळवलं."

"कोण संचिता?" मेघनाताईंचा आवाज बदलला. "आणि कशाबद्दल सीरियस?"

पोराच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही नाही काका," तो घाईने म्हणाला. "मी सीरियस वगैरे काही नाहीये. तिचा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही नुसते फ्रेंड आहोत. आई, खरंच."

तानाजीला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की पोरगा सीरियस नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. इतक्यात फोन वाजला. बापाचे एवढे कॉल बघून संचिता घाबरली होती.

"बाळा, काळजी करू नको. आम्ही सर्वेशच्या घरी आलोय. तो अजिबात सीरियस नाही. त्याच्याच तोंडून ऐकलं, त्याच्या आईसमोर."

पलीकडून संचिताने हळूच विचारलं, "असं म्हणाला तो?"

"अगदी छातीवर हात ठेवून."

फोन बंद झाला. नंदाला एव्हाना सगळं उमगलं होतं. "चला," ती म्हणाली, आणि टीपॉयवर ठेवलेली शहाळी तिने परत पिशवीत भरली.

परतीच्या रिक्षात तिने नवऱ्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. पोरगा मनापासून लग्न करणार आहे, एवढंच पोरीला कळवायचं होतं. तानाजी बाहेर बघत राहिला. दिवाळीपासून त्याला जे हवं होतं तेच आज झालं होतं, आणि त्याला फार वाईट वाटत होतं.

"त्यापेक्षा पोराला नुसता ताप असता तर बरं झालं असतं," तो शेवटी म्हणाला.

संध्याकाळी संचिता घरी आली ती कुणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून पडली. तानाजीने एक शहाळं फोडलं आणि पेला भरून तिच्या उशाशी बसला.

"हे कशाला?"

"आजारी माणसाला द्यायचं असतं."

ती उठून बसली. घोटभर पाणी प्यायली. डोळे पुसून म्हणाली, "बाबा, माझ्यापुरता तो मेला."

तानाजीने दचकून भिंतींकडे बघितलं.

"असं बोलू नये बाळा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ही वास्तू ऐकते. परत शहाळी घेऊन जायला लागेल."