चोवीस अंश आणि पाच एडिटर

जपानमधल्या निइगाता शहरातल्या एका कंपनीला एक आकडा दुरुस्त करायचा होता. मात्सुकाझे वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरातलं पाणी बेचाळीस अंशांवर ठेवणारा प्रोग्राम या कंपनीचा. त्यात कुणीतरी बेचाळीसच्या जागी चोवीस लिहून ठेवलं होतं. काम तीन सेकंदांचं. ते तिथल्या प्रोग्रामर कुवाबारा चिझुरुबाईंकडे आलं तेव्हा बाहेर डिसेंबरचा बर्फ पडत होता आणि फोनवर आश्रमातल्या एक्याण्णव वर्षांच्या तोमिए आजी होत्या.

"पोरी, हौदात उतरलं की दात वाजतात गं. आणि दात तर मी काढून बाहेर ठेवलेले असतात!"

"आत्ता करते, आजी," चिझुरुबाई म्हणाल्या आणि प्रोग्राम ज्यात लिहितात तो आपला एडिटर उघडायला गेल्या. तो उघडेना. पडद्यावर सूचना होती: 'कार्यालयासाठी सर्वोत्तम एडिटर निवडण्याकरिता पाच एडिटरांचे तौलनिक परीक्षण हाती घेण्यात आले आहे. निष्पक्षतेच्या दृष्टीने निकालापर्यंत कोणीही कोणताही एडिटर वापरू नये.'

त्या विभागप्रमुख हाताकेयामासाहेबांकडे गेल्या. "साहेब, एकच आकडा बदलायचाय."

"कोणत्या एडिटरमध्ये?"

"कुठल्याही."

साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "कुवाबाराबाई, एकोणीस वर्षं झाली तुम्हाला इथे. 'कुठल्याही' हा शब्द तुमच्या तोंडी शोभत नाही. एकाला काम दिलं, तर उरलेल्या चौघांनी काय घोडं मारलंय?"

"मग पाचही वापरू का?" चिझुरुबाई वैतागून बोलून गेल्या.

साहेबांचा चेहरा उजळला. वैताग प्रस्ताव म्हणून नोंदवला गेला. त्यावर नऊ शिक्के बसले, प्रत्येक शिक्का रीतीप्रमाणे वरच्या साहेबाच्या शिक्क्याकडे अदबीनं झुकलेला. सोमवार ते शुक्रवार, रोज एक एडिटर, सर्वांना एकच काम: चोवीसचे बेचाळीस करणे. आणि रोज संध्याकाळी पुन्हा चोवीस.

"पुन्हा चोवीस कशाला?"

"दुसऱ्या एडिटरला आयतं बेचाळीस मिळालं, तर तो बिचारा बदलणार काय?"

सोमवारी पाणी तापलं. म्हातारे गुणगुणत हौदात उतरले आणि संध्याकाळी शिंकत बाहेर आले. पाचही दिवस तसंच. तीन सेकंदांच्या कामाचे रोज एक्केचाळीस फोटो काढून चिझुरुबाई ते कोष्टकात डकवत राहिल्या.

शुक्रवारी त्यांनी धीर केला. "आजचं बेचाळीस तसंच राहू दे ना, साहेब. थंडी फार आहे."

"म्हणजे निकालाआधीच शुक्रवारचा जिंकला म्हणायचं? अहो, देवाला तरी तोंड दाखवायला नको?"

पाणी चोवीसवर आलं.

पाचही एडिटरांना बरोबर तीन-तीन सेकंद लागल्याचं अहवालात निघालं. परीक्षण समितीपुढे पेच पडला. उपाय एकच, वापरणाऱ्यांचं मत घेणे. आणि पाणी वापरलं होतं म्हाताऱ्यांनी. वृद्धाश्रमाला एकशे अडतीस प्रश्नांचा तक्ता गेला.

तोमिए आजींनी चष्मा लावून तो भरला. गुरुवारचं पाणी त्यांना मऊ वाटलं होतं. निवृत्त कप्तान इसोगाईंना हे ऐकवेना. "मऊ? पाणी आहे का टोफू? दम होता तो सोमवारच्या पाण्यात!"

"तुमची कातडीच बोटीच्या तळासारखी, कप्तान. तुम्हाला मऊ काय कळणार?"

आठवड्याभरात जेवणाची टेबलं वेगळी झाली. गुरुवारवाले सोमवारवाल्यांना लोणच्याची बशी पुढे सरकवेनात. बुधवारवाल्या एकुलत्या एक आजोबांनी खोलीबाहेर येणंच सोडलं.

मार्च उजाडला, निकाल लागला. आधी माफी मागायची असं मनाशी ठरवून चिझुरुबाईंनी फोन लावला.

"आजी, तीन महिने तुम्हाला..."

"ते मरू दे गं. आमचा गुरुवारवाला जिंकला ना?"

मागून कप्तान ओरडले, "सोमवारचं विचारा, सोमवारचं!"

"आजी, पाणी किती अंश आहे आत्ता?"

"चोवीस. पण तू विषय बदलू नकोस."

चिझुरुबाईंनी निकाल सांगितला. कोण जिंकलं, हे इथे लिहायला काहीच हरकत नव्हती. पण वाचकहो, एक्याण्णव वर्षांची म्हातारी गार हौदात रोज कुडकुडतेय, आणि तुम्हीसुद्धा खालच्या ओळीत एडिटरचंच नाव शोधताय.