शांतारामरावांची पाच स्टेशनांची मोहीम

दोष शांताराम मोकाशींचा. पुढे दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बैठकीत तो मेट्रोवर, जानेवारीच्या धुक्यावर, अलकनंदाबाईंच्या पिशव्यांवर आणि (एका आजोबांनी तर) हल्लीच्या मोबाइलवर ढकलून पाहिला गेला. सगळं झूट. दोष शांतारामरावांचाच, आणि भोगलं त्यांच्या मुलाने, सुधन्वाने.

सुधन्वाने तिसऱ्या वर्षात इंजिनीअरिंग सोडलं त्याला आठ महिने झाले होते. तेवढ्यात आर. के. पुरम सेक्टर चारमधल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाने त्याला एकदा तरी बाकावर बसवून आयुष्य म्हणजे काय ते सांगितलं होतं. (त्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या फोनचा आवाज कमी करता येत नव्हता. तोही सुधन्वाच करून द्यायचा.) सुधन्वाला सायकली दुरुस्त करायच्या होत्या. मुनिरक्यात त्याचा मित्र निहार याने गाळा घेतला होता आणि भागीदारीसाठी तो सोमवारपर्यंत थांबणार होता. शांतारामरावांच्या मनात मात्र करोल बागेतला सरकारी परीक्षेचा क्लास होता. दोन वर्षांचा.

अशात मंडळाने संक्रांतीच्या मेळाव्यात ‘मेट्रो दौड’ ठेवली. बाप आणि मूल अशी जोडी, प्रत्येक जोडीला एक पाकीट, पाकिटात एका विषयाची स्टेशनं. प्रत्येक स्टेशनावर उतरून नावाच्या पाटीखाली दोघांचा फोटो काढायचा. मोकाशींच्या पाकिटात निघाला ‘मराठी बाणा’: विनोबापुरी, भिकाजी कामा प्लेस, दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस, टिळक नगर आणि शिवाजी पार्क. (शिवाजी स्टेडियम ‘खेळ’ या पाकिटात गेलं होतं. त्यावरून दोन कार्यकारिणी सदस्य अजून एकमेकांशी बोलत नाहीत.)

वेळ मोजायला मंडळाने माणूस ठेवला नाही. मेट्रोत कार्ड टेकवून आत शिरलं की एकशेसत्तर मिनिटांत बाहेर पडावं लागतं, नाहीतर गेट उघडत नाही. अध्यक्ष मुरलीधरकाका म्हणाले, “गेट हाच पंच. दोघांची कार्डं चालली तर जिंकलात.”

सुधन्वाने त्याच रात्री जेवताना पैज टाकली. “बाबा, जिंकलो तर मी निहारकडे जाणार. वर्षभर परीक्षा हा शब्द घरात काढायचा नाही.”

“आणि हरलास तर?”

“हरलो तर सोमवारपासून करोल बाग.”

शांतारामरावांनी लगेच ऑफिसचा कागद काढला, परिच्छेदांना नंबर घालून टिपण लिहिलं, खाली ‘प्रस्ताव मान्य’ लिहून सही ठोकली आणि एक प्रत फ्रिजवर चिकटवली. तीस वर्षं मंत्रालयात काढलेला माणूस पोटच्या मुलाशीसुद्धा तोंडी बोलत नाही.

“मात्र नियोजन माझं,” ते म्हणाले. “पानिपतावर भाऊसाहेबांचं काय चुकलं?”

झालं. दर संक्रांतीला शांतारामराव सगळ्या घराला बसने पानिपतला नेतात आणि थंडीत उभं करून हाच प्रश्न विचारतात. सुधन्वाने भाजीकडे बघत उत्तर दिलं, “बाजारबुणगे बरोबर नेले.”

“शाब्बास! लढाईला जाताना लटांबर नको. यात्रेकरू नको, बायकामुलं नको. सडी फौज!”

रविवारी सकाळी सडी फौज निघाली ती अशी: सुधन्वा, अलकनंदाबाई, वाणाचे चाळीस प्लॅस्टिकचे डबे भरलेल्या दोन पिशव्या, तिळाच्या वड्या, हळदीकुंकवाचा करंडा आणि गरम पाण्याचा थर्मास.

“आई, तू कुठे?”

“अरे, टिळक नगरला जाताच आहात ना? शुभदामावशीला वाण द्यायचंय. वेगळी खेप कशाला?”

“ही शर्यत आहे!”

“मग मी कुठे अडवतेय? मी आपली बसून येईन.”

“बाबांना चालणार आहे का हे?”

“त्यांनीच सांगितलं, येतेस तर थर्मास घे म्हणून.”

शांतारामराव स्वतः घरात नव्हतेच. ते कधीच पुढे गेले होते. आर. के. पुरम स्टेशनाबाहेर मुरलीधरकाका भगवा झेंडा घेऊन उभे होते, बरोबर साडेनऊला ते तो हलवणार होते. सुधन्वाने बाबांना फोन लावला.

“मी आत आहे, प्लॅटफॉर्मवर,” शांतारामराव आनंदाने म्हणाले. “जागा धरून ठेवलीय.”

मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर जागा कसली धरायची, हे सुधन्वाने विचारलं नाही. बावीस वर्षं या माणसाबरोबर राहिल्यावर प्रश्न विचारायची सवय सुटते. झेंडा हलला, सुधन्वाने नऊ बत्तीसला कार्ड टेकवलं आणि मोहीम सुरू झाली.

सुरुवात झकास झाली. हौज खास, तिथून आयएनए, तिथून विनोबापुरी. पाटीखाली उभं राहिल्यावर शांतारामरावांनी कानटोपी काढली, खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडला.

“बाबा, गाडी येतेय.”

“फोटो रेकॉर्डवर जाणार आहे.”

गाडी आली, गेली. भांग नीट पडला. भिकाजी कामा प्लेसला शांतारामरावांनी, ‘मादाम कामा पारशी होत्या, पण मुंबईच्या, तेव्हा आपल्याच’ हे एका अनोळखी सरदारजींना हिंदीत पटवून दिलं. दुर्गाबाई देशमुखला ‘देशमुख हे लग्नानंतरचं’ या मुद्द्यावर त्यांचा अलकनंदाबाईंशीच वाद पेटला.

“लग्नानंतरचं म्हणजे काय कमी असतं?” अलकनंदाबाई म्हणाल्या. “मी लग्नानंतरच मोकाशी झाले. मग मी कोण?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या नादात आणखी एक गाडी गेली. सुधन्वा घड्याळाकडे बघून दात खात होता. तरी हिशेब बसत होता. राजौरी गार्डनला गाडी बदलून ते टिळक नगरला उतरले तेव्हा अकरा सोळा झाले होते. फोटो, उलट गाडी, पुढे शिवाजी पार्क. बाराच्या आत मैदान मारलं असतं.

पण प्लॅटफॉर्मवर शुभदामावशी उभी होती. तिकीट काढून आत आली होती. एकटी नाही, सून, विहीणबाई आणि सोसायटीतल्या चार पंजाबी शेजारणी घेऊन.

“म्हटलं, तुला घाई आहे, तर आम्हीच येतो,” मावशी म्हणाली.

अलकनंदाबाईंनी करंडा उघडला. बाकावर डबे मांडले. सात बायकांना हळदीकुंकू, वाण, वडी. पंजाबी शेजारणींना रीत माहीत नव्हती, ती समजावण्यात चार मिनिटं. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी गाडीतून उतरणाऱ्या आणखी दोघींना हाका मारल्या. शिट्टी वाजवत सुरक्षा जवान धावत आला. त्याला दोन वड्या आणि एक डबा मिळाला. जवान म्हणाला, “जल्दी करो माताजी,” आणि डबा उघडून बघायला लागला.

“बाबा, बाजारबुणगे!” सुधन्वा किंचाळला.

“आईला असं म्हणतात?” शांतारामराव गरजले. “आणि घाबरतोस काय? वेळ आहे. मी असताना वेळेची चिंता करायची नाही. तीस वर्षांत एकदाही लेट मार्क नाही!”

अकरा चव्वेचाळीसला सुधन्वाने आईचा हात धरला, पिशव्या गळ्यात अडकवल्या आणि सगळं लटांबर गाडीत कोंबलं. राजौरी गार्डनला धावत जिना, पंजाबी बाग वेस्टला धावत दुसरा. शिवाजी पार्कच्या पाटीखाली फोटो निघाला तेव्हा शांतारामरावांचा भांग विस्कटलेला होता. (मोहिमेतली सुधन्वाची एकमेव कमाई.)

बारा पंधरा. एकशेत्रेसष्ट मिनिटं. सात मिनिटं हातात. सुधन्वाने कार्ड टेकवलं, गेट उघडलं. अलकनंदाबाईंचं उघडलं. सुधन्वाला बाहेरचं ऊन दिसलं, मुनिरक्यातला गाळा दिसला, टांगलेल्या सायकली दिसल्या.

शांतारामरावांनी कार्ड टेकवलं. गेट ढिम्म.

“पुसून लावा, बाबा!”

पुसून लावलं. दुसऱ्या गेटला लावलं. शेवटी मदत खिडकीतल्या मुलीने कार्ड घेऊन मशीनवर ठेवलं.

“अंकल, आप तो तीन घंटे से ऊपर हो गए अंदर. एंट्री नौ बजकर पाँच मिनट की है.”

सुधन्वा गेटच्या अलीकडून बापाकडे बघत राहिला. “नऊ पाच? झेंडा साडेनऊला होता!”

“मग साडेनऊचं म्हणजे साडेनऊलाच पोचायचं की काय?” शांतारामराव म्हणाले. “ऑफिसातसुद्धा मी आधी मशीनवर अंगठा लावतो, मग चहाला जातो. हजेरी लागलेली असली की माणूस निश्चिंत.”

“ती हजेरी नव्हती! तिथून घड्याळ सुरू होतं!”

“अरे, पंचवीस मिनिटं लवकर आलो, उशिरा नाही. लवकर येणाऱ्याला शिक्षा? मॅडम, ये कौन से रूल में लिखा है? लेखी दीजिए.”

मॅडमने बोट दाखवलं. नियम शांतारामरावांच्या डोक्यामागच्या फलकावरच लिहिलेला होता.

मेळाव्यात बक्षीस ‘खेळ’वाल्या जोडीला गेलं. मुरलीधरकाकांनी मात्र भाषणात सांगितलं की सगळ्यात आधी हजर राहणाऱ्या स्पर्धकाचा मान राखलाच पाहिजे, आणि शांतारामरावांना वक्तशीरपणाबद्दल भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या प्रचंड पडल्या, सगळे बाप उभे राहून वाजवत होते. घड्याळ आता फ्रिजच्या वर, त्या टिपणाच्या डोक्यावर आहे. शांतारामरावांनी ते पंचवीस मिनिटं पुढे लावलंय.

मंगळवारी निहारला दुसरा भागीदार मिळाला. त्याच्या आदल्या दिवशी, सातच्या क्लासला सुधन्वा करोल बागेत सहा पस्तीसला बंद शटरसमोर उभा होता, सोडायला बाबा आले होते. दोन वर्षं. रविवार धरून.