जसाच्या तसा पसारा

आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मुलाचं लग्न ठरल्याचे पेढे दिले, तेव्हा खांबेटे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वा! बॅकअप आहे ना?" ते बिचारे हबकले. खांबेट्यांना लग्नाच्या हॉलचा बॅकअप म्हणायचं होतं, हे मी नंतर समजावलं. पण तोवर पेढ्यांचा बॉक्स मिटला होता.

खांबेटे इथं आखातात, अल अझीझियात, आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहतात. रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर. खिशात दोन चष्मे, गाडीच्या दोन किल्ल्या, ओट्यावर दोन कुकर, घरात माणूस एकच. मुलगी मुक्ता दहावीनंतर पुण्याला गेली, सोबत वहिनीही. नीटनेटकेपणा इतका, की फ्रीजमधल्या मिरच्यासुद्धा देठ एका बाजूला करून झोपतात.

दर शुक्रवारी ते मुक्ताच्या जुन्या कॉम्प्युटरचा अख्खा बॅकअप घेत.

"अहो, पण तो वापरतं कोण?" मी विचारलं.

"प्रश्न तो नाही. उद्या खलास झाला तर?"

आणि झाला. मुक्ता सुटीला यायच्या आदल्याच दिवशी डिस्क गेली. खांबेट्यांनी नवी, जुनीहून मोठी आणली आणि मला फोन केला, "यल्ला, वर या. साक्षीदार हवा."

"होईल ना?"

"होणारच! आधी डिस्कचे भाग पाडायचे, ट्रेमध्ये वड्या पाडतात तसे. मग बॅकअपमधला एकेक भाग आपापल्या जागी ओतायचा. खलास!"

भाग पाडले. ओतायला घेतलं. कॉम्प्युटर म्हणाला, जागा कमी आहे.

खांबेटे चष्मा बदलून पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "जुन्या भागांची मापं फार वेडीवाकडी होती हो. मी जरा सरळ केली. गोल आकडे."

"म्हणजे कापली?"

"थोडीशीच."

"मग मूळचीच द्या की!"

मी मिरच्या उधळायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण दिली. डिस्कच्या शेवटी मोठा मोकळा तुकडा लोंबकळत राहिला, तोही दात-ओठ खाऊन सहन केला. या वेळी सगळं बिनबोभाट ओतलं गेलं.

पडदा उजळला. जांभळ्या मांजराचं चित्र, आणि त्याच्या नाकाडोळ्यांवर विखुरलेले पन्नासेक आयकॉन! मला खोडी सुचली. मी माउस धरला, "थांबा, एका रांगेत लावून देतो."

खांबेट्यांनी माझं मनगटच पकडलं. "हात लावू नका. ती गेली तेव्हा सगळं असंच होतं."

दुसऱ्या दिवशी मी पोळ्यांचा डबा घेऊन वर गेलो, तर मुक्ता नुकतीच आलेली. बॅग दारातच टाकून तिनं आधी कॉम्प्युटर लावला.

"ओ माय गॉड, बाबा! यू डिडन्ट टच एनीथिंग?"

"छे," खांबेटे म्हणाले, "मी कशाला हात लावतोय?"

आणि आमच्याकडे पाठ करून, सरळच असलेलं कॅलेंडर बराच वेळ सरळ करत राहिले.