सोजरमावशीची दुपारची फेरी

आमच्या समोरची सोजरमावशी फोन उघडण्याआधी डोक्यावर पदर घेते. केजमधल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि नवीन माणूस हसला की आम्हालाच राग येतो. मावशीचं म्हणणं सरळ असतं. "लोकाच्या घरात शिरायचं, अन् उघड्या डोक्यानं?"

व्हॉट्सॲप, फेसबुक म्हणजे तिच्या लेखी लोकांची घरं. घरं म्हटली की रीत आली. जेवणाच्या वेळी ती फोन उघडत नाही, कारण लोक ताटावर असतात. दिवेलागणीला उघडत नाही, कारण बायका चुलीपाशी असतात. दुपारची भांडी आवरली की ती ओट्यावर बसते, तासभर सगळ्या नातेवाइकांकडे फिरून येते आणि निघताना भावकीच्या ग्रुपवर बोलून ठेवते, "येते बरं का मी." पहिल्यांदा हे ऐकून तिच्या पुतण्याने घाबऱ्या घाबऱ्या मला फोन केला होता, काकू कुठे निघाल्या म्हणून.

एखाद्या अनोळखी बाईच्या नाचाचा व्हिडिओ समोर आला, तर चुकून भलत्याचंच दार ढकलल्यासारखी ती ओशाळते. "हिची आपली वळख ना पाळख," म्हणत पुढे सरकवते. मी शिवणकाम करते. माझा एक डोळा मशीनवर आणि एक फोनवर असतो, त्यापायी किती बाह्या उलट्या लागल्या ते विचारू नका. मावशी मला सुनावते, "दिसभर लोकाच्या दारात बसू न्हाई बाई, किंमत ऱ्हात न्हाई." मला याचा फार राग येतो, कारण ते खरं आहे.

एकदा भाचीच्या बाळाचा फोटो आला. बाळ चांगलं गुटगुटीत. मावशीने लगेच मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या आणि फोनवरून ओवाळून दृष्ट काढली. त्यानंतर फोन चार्ज होईना. दुकानदाराने चार्जिंगच्या भोकातून टाचणीने मोहरी काढली, तेव्हा मी हसून हसून बाकड्यावर बसले. मावशी मात्र गंभीर होती. बाळाची दृष्ट निघाली ना, मग झालं, म्हणाली.

तिच्या फेरीतलं शेवटचं घर ठरलेलं होतं, चकलांब्याच्या थोरल्या बहिणीचं, कौसाक्काचं. आई लवकर गेली, अक्कानेच हिला कडेवर वाढवलं. मावशीला मूलबाळ नाही, काका जाऊनही बरीच वर्षं झाली. माहेर म्हणायचं तर अक्काच. पूर्वी सणावाराला ती चकलांब्याला जायची. हातात फोन आला आणि ते जाणं सुटलं. मी विचारलं तर म्हणायची, रोज तर जाते की.

यंदा दिवाळीनंतर अक्काचं बोलणं कमी झालं. स्टेटसवर मात्र रोज नवा फोटो, सुना, नातवंडं, पुरणपोळीची पंगत. मावशी ते रोज बघायची. एक दिवस तिने फोन बंद करून कपाटात ठेवून दिला. "तिचं घर भरल्यालं हाय. माझी आठवण कशापायी यावी?" असं म्हणाली तेव्हा तिच्याकडे बघवेना.

पंधरा-वीस दिवसांनी मला चकलांब्याला एका लग्नघरी ब्लाऊज पोचवायचे होते. मावशीला मी जवळजवळ ओढूनच नेलं. गेवराईपर्यंत एसटी, पुढे जीप. वाटभर ती बजावत होती की दारातूनच परत फिरायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही.

अक्काचं दार उघडंच होतं. अंगणात पोरांचा आवाज नव्हता. अक्का चुलीपुढे एकटीच बसून भाकरी करत होती. लेक ऊसतोडीला गेले की दरसाल धाकटी सून नातवंडांना घेऊन मागे राहायची. यंदा तीही पोरांना घेऊन गेली, असं अक्काने सांगितलं. मावशी उंबऱ्यातच थांबली.

"अन् मग ते फोटू?"

"पोळ्याच्या सनाला काढल्यालं हायेत. जाताना नातीनं शिकवलं, रोज एक टाकते."

"मला बोलली का न्हाईस?"

"बोलाया लागले की रडू येतं. म्हनून बोलत न्हवते."

"मग फोटू तरी कशापायी टाकतीस?"

अक्काचा हात तव्याजवळच थांबला. "फोटू टाकला की कोन बघून गेलं त्याचं नाव दिसतं. तुझं नाव रोज दिसायचं. सोजर येऊन गेली म्हनायचे, अन् जेवाया बसायचे." मग हळूच म्हणाली, "लई दिस झालं, नाव न्हाई. फोन लावायचा धीर होईना. म्हनलं, दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

तव्यावरची भाकरी करपली. मावशी आत गेली, ती काढून बाजूला ठेवली आणि अक्काला कोपराने सरकवून परातीपुढे बसली. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण तिने एवढंच विचारलं, "सुना कवा यायच्या?"

"पाडव्याच्या आसपास."

"मग तवर मी हितंच हाय," मावशी म्हणाली, आणि परातीत अजून एक मूठ पीठ घेतलं.